बॉबी ऑर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटो, बॉस्टन आणि आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांकडून, तसेच पुण्या-मुंबईत रात्री जागून आइस हॉकी पाहू लागलेल्या तरुणांकडून या खेळाडूविषयी तेच ते प्रश्न वारंवार येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे विषय दुसऱ्या उत्तरात अधिक विस्ताराने आला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॉबी ऑर कोण आहेत आणि त्यांचे नाव एवढ्या आदराने का घेतले जाते?

रॉबर्ट गॉर्डन ऑर हे कॅनडाचे निवृत्त व्यावसायिक आइस हॉकीपटू. २० मार्च १९४८ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १९६६ ते १९७८ या काळात ते नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, आधी बॉस्टन ब्रुइन्स आणि शेवटी शिकागो ब्लॅक हॉक्स या संघांकडून खेळले. ते बचावपटू होते, पण संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूला दिली जाणारी आर्ट रॉस ट्रॉफी त्यांनी १९७० आणि १९७५ अशी दोनदा जिंकली. त्यांच्याआधी कोणत्याही बचावपटूला ती मिळाली नव्हती आणि त्यांच्यानंतरही मिळालेली नाही. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्यांना १९६८ पासून १९७५ पर्यंत सलग आठ वेळा मिळाली. एवढे सगळे त्यांनी जेमतेम ६५७ सामन्यांत केले, कारण डाव्या गुडघ्याने त्यांना तिशीतच खेळ सोडायला लावला (प्रश्न ९).

२. आपल्याला मैदानावरची हॉकी माहीत आहे. आइस हॉकीतला ‘डिफेन्समन’ म्हणजे आपला फुलबॅकच ना?

काही अंशी होय. आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे खेळाडू. चेंडूऐवजी ‘पक’ म्हणजे कडक रबराची चपटी चकती असते. दमछाक एवढी होते की खेळाडू साधारण पाऊण मिनिटाने बाकावर परततात आणि ताजे गडी आत येतात. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन कडेच्या फळ्यांवर दाबणे नियमात बसते, आणि हे काम मुख्यतः बचावपटूचे मानले जाई.

फरक असा की, मैदानी हॉकीत बचावपटू गोल करतो तो बहुतेक वेळा पेनल्टी कॉर्नरवर. हरमनप्रीत सिंग यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल करून सर्वांत पुढचे स्थान मिळवले, ते याच कौशल्याच्या जोरावर. आइस हॉकीत पेनल्टी कॉर्नर नसतो. बचावपटूला गोल करायचा, तर लांबून फटका मारायचा किंवा आपली जागा सोडून स्वतः पुढे जायचे. ऑर यांच्या काळात जागा सोडणे म्हणजे आपल्या गोलरक्षकाला वाऱ्यावर सोडणे, असे प्रशिक्षक शिकवत असत.

३. त्यांचे बालपण कुठे गेले?

ऑन्टारिओ प्रांतात, जॉर्जियन बे या ह्युरॉन सरोवराच्या विशाल उपसागराकाठी असलेल्या पॅरी साउंड या लहानशा गावात. वडील डग स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते आणि आईचे नाव आर्व्हा. आजोबा आयर्लंडच्या बॅलीमीना गावचे, व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. वडीलही चांगले हॉकीपटू होते, परंतु महायुद्धाच्या काळात खेळाची संधी बाजूला ठेवून ते कॅनडाच्या नौदलात भरती झाले.

हिवाळ्यात नदी आणि उपसागर गोठले की गावातली मुले दिवसभर त्यावर खेळत. तेथे संघ आणि जागा ठरलेल्या नसत, शिट्टी वाजवणारा कोणी नसे. ज्याच्याकडे पक आला त्याने तो बाकी सगळ्यांपासून जितका वेळ राखता येईल तितका राखायचा, एवढाच नियम. ऑर यांच्या खेळाचे मूळ मला येथेच दिसते. पुढे एनएचएलमध्ये आपला संघ एका खेळाडूने कमी असताना ते एकटेच पक घेऊन प्रतिस्पर्ध्यांना गोल गोल फिरवत वेळ काढत, तेव्हा ते पॅरी साउंडच्या नदीवरचाच खेळ खेळत होते.

४. चौदा वर्षांच्या मुलाशी व्यावसायिक संघाने करार केला, हे खरे आहे का? त्या वयात हे कायदेशीर होते?

खरे आहे, आणि तेव्हाच्या पद्धतीत ते चालत असे. आज तरुण खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून ठरलेल्या क्रमाने निवडले जातात. त्या वेळी मात्र एखादा एनएचएल संघ किशोरवयीन मुलाकडून एका अर्जावर सही घेई आणि तेवढ्याने त्याच्या भावी व्यावसायिक कारकिर्दीवर त्या संघाचा हक्क प्रस्थापित होई.

१९६१ च्या वसंतात गॅनानोक्वे या गावी मुलांची एक स्पर्धा होती. ब्रुइन्सची माणसे तेथे दुसऱ्याच दोन मुलांना पाहायला गेली होती, पण परतली ती पॅरी साउंडच्या या बारीक चणीच्या मुलाविषयी बोलत. ब्रुइन्सचे रेन ब्लेअर त्यानंतर त्या घरी सतत जात राहिले आणि संघाने गावातल्या मुलांच्या हॉकीला आर्थिक मदतही सुरू केली. १९६२ मध्ये सही झाली. मोबदल्यात रोख रकमेबरोबर एक जुनी गाडी आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना नवा गिलावा मिळाला. ज्या मुलाने पुढे एका डबघाईला आलेल्या संघाचे नशीब पालटले, त्याच्या किमतीत घराचा गिलावा धरला गेला होता, हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

सही झाल्यावर ते ओशावा जनरल्स या कनिष्ठ संघात गेले. पहिल्या वर्षी आईने त्यांना घर सोडू दिले नाही, म्हणून सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून ते केवळ सामन्यांपुरते ओशावाला जात. समोर अठरा-वीस वर्षांचे गडी असत.

५. एनएचएलमधले त्यांचे पहिले वर्ष कसे गेले?

त्यांचे स्वतःचे उत्तम, संघाचे वाईट. १९ ऑक्टोबर १९६६ रोजी, अठराव्या वर्षी, ते डेट्रॉइट रेड विंग्जविरुद्ध पहिला सामना खेळले, आणि समोर रेड विंग्जचे दिग्गज गॉर्डी हाउ होते. चार दिवसांनी मॉन्ट्रिऑलविरुद्ध त्यांनी पहिला गोल केला. १३ गोल आणि २८ असिस्ट अशा ४१ गुणांसह त्यांना सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी मिळाली. (असिस्ट म्हणजे गोल होण्याआधी पक पुढे देणाऱ्याला मिळणारे श्रेय. गोल आणि असिस्ट दोहोंना प्रत्येकी एक गुण असतो.) ब्रुइन्स मात्र सहा संघांत सहावे आले. त्या वर्षीची नॉरिस ट्रॉफी न्यूयॉर्क रेंजर्सच्या हॅरी हाउएल यांना मिळाली. आपल्याला ती आताच मिळाली हे बरे झाले, कारण यापुढे ती या ऑरकडेच राहणार, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले आणि पुढची आठ वर्षे ते शब्दशः खरे ठरले.

६. चढाई करणारे पहिले बचावपटू ऑरच होते का?

नाही. ब्रुइन्सचेच एडी शोर १९३० च्या दशकात पक घेऊन पुढे मुसंडी मारत. डेट्रॉइटचे रेड केली आणि मॉन्ट्रिऑलचे डग हार्वी यांनीही मागून खेळाची सूत्रे हलवली. ऑर यांनी पायंडा पाडला असे म्हणून या तिघांना विसरणे अन्यायाचे ठरेल.

ऑर यांचे वेगळेपण परत येण्यात होते. त्यांच्याआधीचा बचावपटू पुढे जाई तो संधी साधून, आणि पक गेला की मागे मोकळे रान पडे. ऑर प्रतिस्पर्ध्याच्या गोलमागून वळसा घालून आलेले असले, तरी उलटी चढाई सुरू होताच आपल्या निळ्या रेषेवर, म्हणजे आपल्या बचावक्षेत्राच्या सीमेवर, सर्वांच्या आधी हजर असत. त्यांच्या स्केटिंगला एकच वेग नव्हता. ते संथ चालीत येत, समोरच्याने त्या चालीचा अंदाज बांधला की दोन पावलांत निसटत, आणि तो वळेपर्यंत पुन्हा संथ होत. डाव्या हाताने खेळणारे असूनही ते बर्फाच्या उजव्या बाजूला उभे राहत, त्यामुळे मध्याकडे सरकताना फटक्यासाठी स्टिक आपोआप योग्य कोनात येई.

त्यांच्या दोन सवयी जुन्या चित्रफितींत नीट पाहिल्या तर कळतात. ते स्केट्समध्ये मोजे घालत नसत, उघडा पाय थेट चामड्यात. आणि इतर खेळाडू स्टिकच्या पात्याला टोकापासून टाचेपर्यंत चिकटपट्टी गुंडाळत, तेव्हा ऑर यांच्या पात्यावर जेमतेम एखादा वेढा असे, काही वेळा तोही नसे.

आकडे पाहायचे, तर बचावपटूने एका हंगामात केलेल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम फ्लॅश हॉलेट यांच्या नावे १९४४-४५ पासून २० होता. ऑर यांनी १९६८-६९ मध्ये २१ केले, पुढच्या वर्षी ३३, आणि १९७४-७५ मध्ये ४६.

७. हवेत आडवे झालेल्या ऑर यांचे ते प्रसिद्ध छायाचित्र कोणत्या सामन्यातले? गोल त्यांनी हवेत असताना केला का?

१० मे १९७०, बॉस्टन गार्डन, स्टॅनले कपच्या (एनएचएलच्या विजेतेपदाच्या) अंतिम मालिकेतला सेंट लुइस ब्लूजविरुद्धचा चौथा सामना. गोल हवेत असताना झाला नाही, हा या पानावर सर्वाधिक वेळा दुरुस्त करावा लागणारा गैरसमज आहे.

बरोबरीनंतरच्या जादा वेळेची ४० सेकंदे झाली होती. ऑर यांनी उजव्या कडेला पक अडवला, गोलमागे उभ्या डेरेक सँडरसन यांच्याकडे दिला आणि स्वतः थेट गोलच्या तोंडाशी धावले. सँडरसन यांनी पक परत सरकवला, ऑर यांनी तो गोलरक्षक ग्लेन हॉल यांच्या पायांमधून आत घातला, आणि त्याच क्षणी ब्लूजच्या नोएल पिकार्ड यांच्या स्टिकने त्यांचा पाय उचलला गेला. पक आत गेल्याचे कळल्यामुळे त्यांनी स्वतःही उडी घेतली. चित्रात हात पसरलेले आणि तोंड उघडे दिसते, तो आधीच झालेल्या गोलाचा जल्लोष आहे. छायाचित्र बॉस्टन रेकॉर्ड अमेरिकनच्या रे लुसिए यांनी टिपले.

सामना ४-३ असा जिंकून ब्रुइन्सनी १९४१ नंतरचा पहिला कप मिळवला. जर्सी क्रमांक ४, सामना चौथा, खेळाचा चौथा भाग (तीन नियमित भागांनंतरची जादा वेळ), संघाचा चौथा गोल, आणि पाय अडवणाऱ्या पिकार्ड यांचाही क्रमांक ४, हा योगायोग बॉस्टनकर आवडीने सांगतात. मात्र मालिका रंगतदार नव्हती. बॉस्टन आधीच ३-० ने पुढे होते, त्यामुळे तो गोल झाला नसता तर कप हातचा गेला असता, असे म्हणता येत नाही.

८. त्यांचा सर्वोत्तम हंगाम १९६९-७० च मानायचा ना? त्या वर्षी तर सगळेच पुरस्कार मिळाले.

पुरस्कारांच्या हिशेबाने होय. त्या एका वर्षात नॉरिस, आर्ट रॉस, सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट आणि प्लेऑफमधल्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या, सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ या चारही ट्रॉफ्या त्यांना मिळाल्या, आणि असे करणारे ते एकमेव आहेत.

माझे मत मात्र त्यापुढच्या, कप हुकलेल्या १९७०-७१ च्या हंगामाला आहे. त्यात त्यांनी ७८ सामन्यांत ३७ गोल आणि १०२ असिस्ट असे १३९ गुण मिळवले, आणि त्यांचा प्लस-मायनस अधिक १२४ होता. प्लस-मायनसचा हिशेब असा : दोन्ही संघांचे गडी समसमान असताना, किंवा आपला गडी कमी असताना, आपण बर्फावर असू आणि आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, आणि उलट परिस्थितीत गोल खाल्ला तर उणे एक. प्रतिस्पर्ध्याचा गडी शिक्षेमुळे बाहेर असताना आपल्या संघाने केलेले गोल यात धरतच नाहीत. एरवी अधिक ४० असणारा खेळाडूही फार चांगला समजला जातो. ‘ऑर गोल करत, पण त्यांच्या मागे जागा उघडी पडे’ हा आक्षेप घेणाऱ्याला हा १२४ आकडा पुरेसे उत्तर आहे.

ब्रुइन्सनी त्या हंगामात ३९९ गोल केले, फिल एस्पोझिटो यांनी एकट्याने ७६. आणि तरीही पहिल्याच फेरीत ते मॉन्ट्रिऑलकडून हरले. मॉन्ट्रिऑलने नियमित हंगामात केवळ सहा सामने खेळलेल्या केन ड्रायडन या तरुण गोलरक्षकाला उभे केले होते. दुसऱ्या सामन्यात बॉस्टन ५-१ ने पुढे होते आणि ७-५ ने हरले. पुढच्या वर्षी, ११ मे १९७२ रोजी, न्यूयॉर्क रेंजर्सना नमवून त्यांनी कप पुन्हा मिळवला. त्या निर्णायक सामन्यातला विजयी गोलही ऑर यांचाच, आणि दुसरी कॉन स्माइथही.

९. गुडघ्याला नेमके काय झाले होते?

एकच मोठा अपघात झाला असे नाही, गुडघा वर्षानुवर्षे झिजत गेला. पहिल्याच हंगामात टोरांटोचे मार्सेल प्रोनोव्होस्ट यांच्या धडकेने तो दुखावला. दुसऱ्या हंगामात शस्त्रक्रियेमुळे ते ४६ सामनेच खेळू शकले, आणि तेवढ्यावर त्यांना पहिली नॉरिस ट्रॉफी मिळाली. त्यानंतर डाव्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया होत राहिल्या.

त्या काळची शस्त्रक्रिया आजच्यासारखी नव्हती. आज बारीक छिद्रातून दुर्बीण घालून फाटलेल्या कूर्चेची नेमकी तेवढीच डागडुजी करतात. तेव्हा गुडघा उघडून कूर्चा काढून टाकत, आणि दोन हाडांमधली गादी गेली की हाडावर हाड घासू लागे. ऑर यांची शैली वेगावर आणि अचानक वळणांवर उभी होती, म्हणजे सगळा भार त्याच सांध्यावर. शिवाय पक त्यांच्याकडे असल्याने धडकाही त्यांनाच बसत. १९७४-७५ मध्ये त्यांनी सर्व ८० सामने खेळून १३५ गुण मिळवले. तो त्यांचा शेवटचा पूर्ण हंगाम ठरला, वय वर्षे २७. पुढच्या वर्षी त्यांना दहाच सामने खेळता आले.

१०. एवढे प्रेम मिळत असताना ते बॉस्टन सोडून शिकागोला का गेले?

या उत्तरातला दुखरा भाग पैशांचा नाही, विश्वासाचा आहे. ऑर यांचे सगळे व्यवहार वकील ॲलन ईगलसन पाहत. पहिल्या करारापासून ते त्यांचे प्रतिनिधी होते, आणि ऑर त्यांना भावासारखे मानत. १९७६ मध्ये करार संपला तेव्हा बॉस्टनला आपण नको आहोत अशी ऑर यांची समजूत झाली आणि त्यांनी शिकागोशी करार केला. ब्रुइन्सनी संघाच्या मालकीतला सुमारे साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता, हे आपल्याला सांगितलेच गेले नाही, असे ऑर यांचे म्हणणे आहे. निवृत्तीनंतर त्यांनी हिशेब तपासले तेव्हा हाती जवळजवळ काहीच उरलेले नव्हते.

ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचेही प्रमुख होते. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेत आणि कॅनडात फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि त्यांना तुरुंगवास झाला. (हे खटले मुख्यतः संघटनेच्या आणि इतर खेळाडूंच्या पैशांविषयी होते. ऑर यांच्या १९७६ च्या करारावर निकाल लागला, असा अर्थ त्यातून काढू नये.) ईगलसन यांचे नाव हॉकी हॉल ऑफ फेममध्ये राहणार असेल तर आमची नावे काढा, असे ऑर यांच्यासह अनेक माजी खेळाडूंनी बजावले, आणि ईगलसन यांना तेथून बाहेर पडावे लागले.

११. सोव्हिएत संघाविरुद्धच्या १९७२ च्या गाजलेल्या मालिकेत ते खेळले होते का?

नाही. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ते संघाबरोबर मॉस्कोपर्यंत गेले, पण आठपैकी एकही सामना खेळले नाहीत. देशाच्या जर्सीत त्यांना जग पाहू शकले ते १९७६ च्या कॅनडा कप स्पर्धेत. तोवर गुडघा पार निकामी झाला होता. सकाळच्या सरावाला त्यांना धड चालता येत नसे आणि रात्री तेच सर्वांत उठून दिसत, असे सहकाऱ्यांनी पुढे सांगितले. सात सामन्यांत नऊ गुण मिळवून ते स्पर्धेचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

१२. निवृत्ती कधी आणि कशी घेतली?

८ नोव्हेंबर १९७८ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी. शिकागोसाठी ते तीन वर्षांत मिळून २६ सामने खेळले. मधला १९७७-७८ चा हंगाम त्यांनी पूर्ण बाहेर बसून काढला.

९ जानेवारी १९७९ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये त्यांची ४ क्रमांकाची जर्सी छताला टांगली गेली. टाळ्या थांबेनात, म्हणून ठरलेला कार्यक्रम बराच वेळ पुढे सरकू शकला नाही. त्याच वर्षी नेहमीची तीन वर्षांची प्रतीक्षा माफ करून त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

१३. ४ क्रमांक त्यांनी स्वतः निवडला होता का?

नाही. ओशावात ते २ क्रमांक घालत. बॉस्टनमध्ये तो एडी शोर यांच्या सन्मानार्थ कायमचा बाजूला ठेवलेला होता. सरावाच्या सामन्यांत त्यांना २७ दिला गेला आणि हंगाम सुरू होताना मोकळा झालेला ४ त्यांच्या वाट्याला आला.

१४. त्यांचे कोणते विक्रम मोडले गेले आणि कोणते टिकून आहेत?

बचावपटूच्या एका हंगामातल्या ४६ गोलांचा विक्रम पॉल कॉफी यांनी १९८५-८६ मध्ये ४८ गोल करून मोडला. त्याच हंगामात कॉफी १३८ गुणांपर्यंत पोहोचले, म्हणजे ऑर यांच्या १३९ ला एक गुण कमी पडला. १३९ गुण आणि १०२ असिस्ट हे बचावपटूंसाठीचे, आणि अधिक १२४ हा सर्वच खेळाडूंसाठीचा, असे तीन विक्रम कायम आहेत. नॉरिसच्या बाबतीत डग हार्वी आणि स्वीडनचे निक्लास लिडस्ट्रॉम प्रत्येकी सातपर्यंत आले. कारकिर्दीच्या एकूण बेरजेत मात्र ऑर (२७० गोल, ६४५ असिस्ट, ९१५ गुण) बरेच खाली दिसतात. बचावपटू रे बुर्क यांचे १,५७९ गुण आहेत.

१५. मग इतक्या कमी सामन्यांच्या खेळाडूला सर्वश्रेष्ठ बचावपटू कसे म्हणायचे? लिडस्ट्रॉम किंवा बुर्क का नाहीत?

निकष कोणता, यावर ते ठरते. वीस वर्षे न चुकता उत्तम खेळणे हा निकष असेल, तर लिडस्ट्रॉम आणि बुर्क यांची बाजू भक्कम आहे, आणि ती घेणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. शिवाय ऑर यांच्या गुणांना काळाचीही साथ होती. १९६७ मध्ये लीग सहा संघांवरून बारा संघांची झाली, नवखे संघ दुबळे होते आणि गोल अधिक होऊ लागले, हे मान्य केले पाहिजे.

पण त्याच काळात, त्याच दुबळ्या संघांविरुद्ध इतरही बचावपटू खेळत होते, आणि त्यांच्यातला एकही ऑर यांच्या आसपास नव्हता. सामन्यामागे सरासरी १.३९ गुण ही बचावपटूची सरासरी आहे, हे कोणी न सांगितल्यास ती एखाद्या अव्वल आघाडीच्या खेळाडूचीच वाटेल.

१६. सध्या ते काय करतात? त्यांच्याशी निगडित ठिकाणे पाहता येतात का?

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते स्वतः खेळाडूंचे प्रतिनिधी झाले. ज्या कामात त्यांची स्वतःची पुरती हानी झाली (प्रश्न १०), नेमके तेच काम त्यांनी पत्करले, आणि कॉनर मॅकडेव्हिड यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या संस्थेकडे आले. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात ऑलिंपिकचा ध्वज वाहणाऱ्या आठ जणांत ते होते.

बॉस्टनला जाणाऱ्यांनी टीडी गार्डनबाहेरचा त्यांचा पुतळा जरूर पाहावा. त्या गोलाला चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, १० मे २०१० रोजी, त्याचे अनावरण झाले, आणि प्रश्न ७ मधलीच आडवी झेप त्यात ओतलेली आहे. टोरांटोकडून येणाऱ्यांना पॅरी साउंड गाडीने साधारण अडीच तासांवर आहे. तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय २००३ मध्ये सुरू झाले, आणि ते त्याच उपसागराच्या काठी आहे.